टर्कीच्या शिकारीच्या शॉटगनवर कोणती साइट बसवावी? नवख्यांसाठी पायरी-पायरीने माहिती

अमेरिकेत राहणारे आणि वसंतातल्या टर्की-हंगामाची पहिल्यांदाच तयारी करणारे जे मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे बंदुकीबद्दल घरात कुणाला विचारावं अशी सोय आपल्यापैकी बहुतेकांना नसते. दुकानात जावं तर काचेच्या कपाटात साइट्सची, म्हणजे नेम धरायला बंदुकीवर बसवायच्या साधनांची, रांग लागलेली असते आणि विकणारा त्यातली महागातली पुढे करतो. ती घेण्याआधी काय काय बघायचं, ते क्रमाने सांगतो.

एक शंका आधीच मिटवू. छर्ऱ्याच्या बंदुकीला, म्हणजे शॉटगनला, इतका नेम कशाला, छर्रे तर पसरतातच, असं पुष्कळांना वाटतं. उडत्या बदकावर बार काढताना ते थोडंफार खरं आहे. टर्कीचं तसं नाही. टर्की जमिनीवर उभी असते, पिसांचा थर जाड असतो, आणि छर्रे लागायला हवेत ते डोक्याला आणि मानेला. त्यासाठी नळीच्या तोंडाशी ते अरुंद करणारा, खूप आवळलेला टर्की-चोक लावतात. तो चोक आणि आजची टंगस्टनची काडतुसं मिळून १५ यार्डांवर छर्ऱ्यांचा गाभा तीन-चार इंचांचाच राहतो. नेम चार इंच चुकला की सगळा बार बाजूने जातो. त्याहून वाईट म्हणजे दोन-चार छर्रे अंगात घेऊन पक्षी झाडीत पळतो आणि तिकडे कुठेतरी तडफडून मरतो. हे टाळण्यासाठी साइट हवी. बाकीचे सगळे फायदे त्यानंतरचे.

१. साइटच्या आधी कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे चूक झाली तर परिणाम थेट व्हिसावर होतो.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना केंद्रीय कायद्याने शॉटगन बाळगता येते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना एरवी बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मनाई ‘ताब्यात असण्याला’ आहे, फक्त खरेदीला नाही. म्हणून परवाना नसताना मित्राची बंदूक रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) ‘जरा धरून बघतो’ म्हणणंसुद्धा धोक्याचं आहे. राज्यांचे नियम आणखी वेगळे असतात. न्यू जर्सीत शॉटगन घ्यायलाही फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड (बंदूकधारकाचं ओळखपत्र) कार्ड लागतं. आपल्या राज्यात व्हिसाधारकांना काय लागू आहे ते इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. बहुतेक राज्यांत याच्याशिवाय पहिला परवाना मिळत नाही
- चालू वर्षाचा शिकारीचा परवाना आणि टर्कीचं वेगळं परमिट किंवा टॅग
- सध्याचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र. घर बदललं आणि लायसन्सवर जुनाच पत्ता राहिला, तर नुसत्या त्या लायसन्सवर दुकानदार बंदूक देणार नाही
- नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड, किंवा आय-९४. दुकानात फॉर्म ४४७३ भरताना त्यातला क्रमांक विचारतात

राज्याच्या शिकार-नियमांची पुस्तिका उतरवून घ्या आणि तिच्यातलं टर्कीचं पान नीट वाचा. कुठल्या आकाराचे छर्रे चालतात, प्रकाशाचा झोत टाकणारी किंवा लेझरची साइट चालते का, हे तिथे असतं. दुकानात मिळते म्हणजे रानात चालते असं मुळीच समजू नका.

२. आपल्या बंदुकीकडे वरून बघा

साइट निवडण्याच्या आधी ती कुठे बसणार हे ठरतं, आणि नवखे लोक नेमके इथेच घाई करतात. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, मग रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या धातूच्या डबीच्या, वरच्या भागावर नजर टाका.

चार छोटे स्क्रू दिसत असतील तर भोकं आधीच पाडलेली आहेत. त्यावर पिकाटिनी किंवा वीव्हर रेल, म्हणजे साइट अडकवायची खाचांची पट्टी, बसते. रेल त्याच मॉडेलची मागवा. ‘सगळ्यांना चालते’ असं लिहिलेली नको.

रिसीव्हरलाच खाच कोरून साइटची जागा दिलेली असेल, जसं मॉसबर्गच्या ९४० प्रो टर्कीवर आहे, तर फार उत्तम. साइट अगदी खाली बसते. मात्र प्रत्येक साइटच्या तळाचा साचा वेगळा असतो. ९४० प्रो टर्कीला आरएमएससी साच्याची साइट लागते. बर्रिस फास्टफायर किंवा व्होर्टेक्स व्हेनम या साइट्स ‘डॉक्टर’ (Docter) नावाच्या दुसऱ्या साच्याच्या आहेत, त्या तिथे थेट बसणार नाहीत. पैसे देण्याआधी साचा जुळवून घ्या.

भोकंच नसतील, तर रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५००सारख्या पंप बंदुकांना (नळीखालची मूठ मागेपुढे करून काडतूस भरायच्या) खोगिरासारखा माउंट, म्हणजे साइट बसवायचा पाया, मिळतो. तो ट्रिगरच्या वरच्या पिनांच्या जागी लांब बोल्ट घालून बसवतात. बोल्ट जास्त आवळले तर पंप अडखळायला लागतो, म्हणून आवळताना मधे मधे पंप मागेपुढे करून बघा. नळीवर जाळीदार पट्टी असेल तर तिला चिमट्यासारखे पकडणारे माउंटही मिळतात. तेव्हा पट्टीची रुंदी मोजून मागवा. भोकं पाडून घ्यायची असतील तर ते काम गनस्मिथचंच. घरच्या ड्रिलने करू नका.

३. आपले डोळे तपासा

ही पायरी फार कमी लोक सांगतात, आणि निवड खरी इथेच होते.

चाळिशी ओलांडली असेल आणि जवळचं वाचायला चष्मा लागत असेल, तर मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा मणी) आणि समोरचा पक्षी या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसणार नाहीत. पहाटेच्या अंधुक उजेडात तर नाहीच. रेड डॉटमध्ये, म्हणजे काचेत उजळ ठिपका दाखवणाऱ्या साइटमध्ये, ठिपका आणि पक्षी एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, त्यामुळे नजर पक्ष्यावरच ठेवता येते.

दृष्टिवैषम्य असेल, म्हणजे चष्म्याच्या नंबरात सिलिंडर असेल, तर रेड डॉटचा ठिपका गोल न दिसता फुटलेल्या चांदणीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसू शकतो. दुकानातच बघून घ्या. मोबाईलचा कॅमेरा साइटच्या काचेमागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल असेल तर दोष साइटचा नाही, आपल्या डोळ्यांचा आहे. शिकारीला जो चष्मा लावणार तोच लावून परत बघा. तरीही फुटत असेल तर प्रिझम साइटचा विचार करा. तिच्यात खूण काचेवर कोरलेली असते, त्यामुळे ती बहुतेकांना स्वच्छ दिसते आणि बॅटरी संपली तरी काळी खूण राहतेच.

४. पर्याय, आणि त्यांच्याबद्दल माझं मत

*नुसती माशी.* बहुतेक शॉटगनवर नळीच्या टोकाला पितळी किंवा पांढरा मणी असतो. फुकट आहे, तुटत नाही, बॅटरी लागत नाही. अडचण भूमितीची आहे. इथे मागची साइट म्हणजे तुमचा डोळाच. डोळ्यापासून माशी साधारण ३६ इंचांवर आहे असं धरा. पक्षी दिसल्याच्या उत्साहात गाल दस्त्यावरून पाव इंच जरी उचलला गेला, तरी ४० यार्डांवर बार १० इंच वर जातो. टर्कीच्या डोक्यावरून बार जाण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच. पट्टीच्या मध्यावर दुसरा छोटा मणी असेल, तर दोन मणी एकावर एक असे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दिसेपर्यंत गाल खाली ठेवायची सवय लावा. त्याने पुष्कळ फरक पडतो. २५ यार्डांच्या आतच बार काढायचा असं ठरवलं असेल आणि सराव भरपूर असेल, तर माशीवरही चांगली शिकार होते.

*फायबर-ऑप्टिक साइट.* मागे दोन ठिपके, पुढे एक. गाल उचलला की ठिपक्यांची ओळ मोडते आणि चूक लगेच कळते. कमी खर्चातला हा सर्वात प्रामाणिक पर्याय आहे. पुढचा ठिपका हिरवा घ्या. माजावर आलेल्या नराचं डोकं आणि गळ्याच्या गाठी लालभडक असतात. त्यावर लाल ठिपका हरवतो. फायबर आजूबाजूचा उजेड ओढून चमकतो, म्हणून सूर्य उगवण्याआधीच्या मिनिटांत आणि दाट सावलीत तो मंद होतो. फायबरची काडी नाजूक असते, बॅगेत एक जादा ठेवा.

*रेड डॉट.* पहिल्यांदा साइट घेणाऱ्या बहुतेकांना मी हीच सुचवतो. झाडाला टेकून, गुडघ्यावर बंदूक ठेवून तासभर बसलेले असताना नर डावीकडून येईल असं वाटतं आणि तो उजवीकडून येतो. अंग पिळून, गाल नीट न टेकता नेम धरावा लागतो. अशा वेळी ठिपका काचेत कुठेही दिसला, तरी बार जवळपास तिथेच जातो. गाल फारच उचलला तर ठिपका दिसतच नाही, आणि तो न दिसणं हाच ‘आता चाप ओढू नको’ असा इशारा.

*मोठं करून दाखवणारी दुर्बीण.* एक ते चार पटींची, शॉटगनसाठी बनवलेली स्कोप वाईट नाही. नजर कमजोर असलेल्यांना तर ती बरीच मदत करते. पण दिसण्याचा आवाका कमी होतो, वजन वाढतं, आणि डोळा ठराविक अंतरावरच ठेवावा लागतो. घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी बघा. डोळा आणि काच यांच्यात निदान साडेतीन इंच अंतर राहील अशी हवी, नाहीतर टर्कीच्या जड काडतुसाच्या धक्क्याने काचेची कडा भुवईवर आपटते. आणि पॅरालॅक्स, म्हणजे डोळा जरा सरकला की खूण लक्ष्यावरून सरकलेली दिसण्याचा दोष, ५० किंवा ७५ यार्डांना जुळवलेला हवा. रायफलच्या स्कोपचा तो बहुधा १०० यार्डांना असतो.

स्कोपबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. झाडीत काय हललं हे बघायला बंदुकीवरची दुर्बीण कधीही वापरायची नाही. तिथे माणूस असू शकतो, आणि तुम्ही त्याच्यावर नळी रोखलेली असते. बघण्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण हवी.

५. रेड डॉट घेताना काय बघायचं

ठिपक्याचा आकार एमओए या कोनाच्या मापात सांगतात. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. म्हणजे ३ एमओएचा ठिपका ४० यार्डांवर सव्वा इंच झाकतो, ६ एमओएचा अडीच इंच. टर्कीचं मुंडकंच जेमतेम तेवढं, म्हणून ६चा ठिपका लांबवर सगळं झाकून टाकतो. २ किंवा ३ एमओए घ्या.

उजेड हाताने कमी-जास्त करता येतो का, ते बघा. आपोआप जुळवून घेणाऱ्या साइट्स आपल्या आसपासचा उजेड मोजतात. तुम्ही गर्द सावलीत बसलेले आणि पक्षी उन्हातल्या मोकळ्या शेतात, असं झालं की साइट ठिपका मंद करते आणि उन्हात तो दिसतच नाही. उलट, पहाटे ठिपका खूप प्रखर ठेवला तर त्याची आभा पसरून डोकंच दिसेनासं होतं. दिसेल इतपतच ठेवा.

उघड्या साइटमध्ये ठिपका पाडणारा दिवा मागे उघडा असतो. त्यावर पावसाचा थेंब किंवा झाडाचं कस्पट पडलं की ठिपका विस्कटतो. ज्यांच्या भागात वसंतात पाऊस फार, त्यांनी बंद डबीसारखी साइट घ्यावी. थोडी जड आणि महाग, पण डोक्याचा ताप वाचतो. उघडी घेतलीत तर झाकण आणि मऊ कापड जवळ ठेवा.

बॅटरी बदलायला साइट काढावी लागते का, हेही विचारा. काढावी लागत असेल तर दर वेळी झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच बार लागतो अशी जुळणी, परत तपासावा लागेल. वरून किंवा बाजूने बॅटरी घालता येणारी बरी.

खेळण्यातल्या बंदुकांसाठी बनवलेल्या स्वस्त रेड डॉट दिसायला हुबेहूब असतात. टर्कीच्या काडतुसाचा धक्का त्यांना झेपत नाही. माहितीपत्रकात शॉटगनचा स्पष्ट उल्लेख असेल तीच घ्या.

६. बसवणं

लागणारी साधनं: नेमक्या मापाचे स्क्रूड्रायव्हर-बिट, आवळण्याचा जोर (टॉर्क) इंच-पाउंडांत मोजणारा टॉर्क रेंच, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव), स्पिरिट, रंगाचं पेन.

स्क्रू आणि भोकं स्पिरिटने पुसून तेल काढा. थ्रेडलॉकर अगदी थेंबभर, आणि निळंच; लाल लावलं तर नंतर स्क्रू निघणार नाही. माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कपर्यंतच आवळा. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत पेनने एक बारीक रेघ ओढा. हंगामात कधी रेघ तुटलेली दिसली, तर स्क्रू ढिला झालाय हे एका नजरेत कळतं.

बसवल्यावर डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. ठिपका दिसला पाहिजे. शोधावा लागला तर साइट उंच बसली आहे. कमी उंचीचा माउंट बघा, किंवा दस्त्याला गालाच्या जागी उंची वाढवणारी गादी लावा. हा प्रश्न ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका.

७. झीरो करणं आणि पॅटर्न (छर्ऱ्यांचा पसारा) बघणं

इथे वेळ द्या. साइटवर खर्च करायच्या पैशांतले थोडे कमी करून काडतुसांसाठी ठेवावे लागले तरी चालेल.

आधी रेंजला फोन करा. बऱ्याच रेंजवर, विशेषतः बंदिस्त रेंजवर, छर्ऱ्यांची काडतुसं चालत नाहीत. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. मोठा कागद घ्या, निदान तीन फूट बाय तीन फूट, कारण पहिला बार कुठे जाईल सांगता येत नाही.

सुरुवातीला १५ ते २० यार्डांवरून, टेबलावर वाळूच्या पिशव्यांचा आधार घेऊन, हलक्या स्वस्त काडतुसांनी बार मधे आणा. टर्कीच्या काडतुसांनीच सुरुवात केली तर खिसा आणि खांदा दोन्ही दुखतात, आणि दुखऱ्या खांद्याने माणूस चाप ओढताना दचकायला लागतो. बार मधे आला की २५ यार्डांवर जा आणि शिकारीला नेणार तीच काडतुसं घाला. कंपनी, छर्ऱ्यांचा आकार, वजन, सगळं तेच. काडतूस बदललं की बार लागण्याची जागा बदलते, म्हणून हलक्या काडतुसावर झीरो करून थांबू नका.

कागदावर सर्वात दाट गाभा शोधा. कडेला भरकटलेले छर्रे विसरा. गाभ्याचं केंद्र आणि तुम्ही धरलेला नेम यांतलं अंतर मोजा. साइटच्या स्क्रूची एक टिचकी (क्लिक) १ एमओएची असेल, तर २५ यार्डांवर ती पाव इंच हलवते. गाभा तीन इंच डावीकडे असेल तर उजवीकडे बारा टिचक्या. एका बारावर निर्णय घेऊ नका, निदान दोन-तीन बारांचे कागद शेजारी ठेवून बघा.

आता अंतर वाढवा. ३० आणि ४० यार्डांवर गाभ्याभोवती १० इंचांचं वर्तुळ काढा आणि आतले छर्रे मोजा. शिशाच्या छर्ऱ्यांसाठी जुना मापदंड असा की १० इंचांच्या वर्तुळात शंभरेक छर्रे असावेत. ज्या अंतरावर ते भरत नाहीत, तिथून अलीकडे तुमची मर्यादा. टंगस्टनच्या छर्ऱ्यांची घनता शिशाच्या दीडपटीहून जास्त असते, त्यामुळे ते बारीक असूनही खोल जातात आणि एका काडतुसात संख्येने पुष्कळ मावतात. त्यावरून काहीजण ६० यार्डांच्या गोष्टी करतात. नवख्याने ४०च्या पलीकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. तेवढ्या लांबच्या पक्ष्याचं अंतर डोळ्यांना अचूक कळत नाही, आणि पक्षी ऐन वेळी एक पाऊल टाकतो.

मग १५ यार्डांवर एक बार काढून बघाच. तो कागद पाहिला की जवळच्या पक्ष्यावर नेम किती जपून धरावा लागतो हे पटतं. शेवटी टेबल सोडा, जमिनीवर बसा, पाठ टेकवा, गुडघ्यावर बंदूक ठेवा आणि त्याच स्थितीत एक बार काढा. रानात टेबल नसतं.

८. रानात

पहाटे गाडीतून उतरतानाच साइट चालू करून ठिपका तपासा, खिशात जादा बॅटरी ठेवा. बसल्या जागेवरून रेंजफाइंडरने दोन-तीन झाडांची अंतरं मोजून ठेवा; पक्षी आल्यावर हात हलवायचा नाही, टर्कीची नजर फार तीक्ष्ण.

नेम मानेवर धरा, जिथे पिसं संपून गाठी सुरू होतात त्याच्या जरा वर. पिसारा फुलवून नाचणारा नर मान अंगात ओढून घेतो; तेव्हा बार काढू नका. हलकासा आवाज दिला की तो फुगलेला पिसारा मिटतो आणि मान उंच करून बघतो. ठिपका स्थिर असेल तर तीच वेळ.

चाप ओढण्याआधी पूर्ण पक्षी दिसला पाहिजे आणि छातीवरची दाढी (केसांसारखा झुबका) दिसली पाहिजे. वसंतात बहुतेक राज्यांत नर किंवा दाढी असलेलाच पक्षी मारता येतो. नुसत्या आवाजावर किंवा हललेल्या रंगावर कधीही नळी रोखू नका, दुसऱ्याच्या आवाजाच्या दिशेने दबकत जाऊ नका, आणि लाल, पांढरं, निळं, काळं काहीही अंगावर दिसू देऊ नका, मोजेसुद्धा नाहीत. नराच्या डोक्याचे आणि अंगाचे रंग तेच आहेत.

९. हंगाम संपल्यावर

बॅटरी काढून ठेवा, स्क्रूंवरच्या रेघा बघा, काच मऊ कापडाने पुसा. पुढच्या वर्षी जाण्याआधी २५ यार्डांवर त्याच काडतुसाचा एक बार काढून झीरो तपासा, कपाटात ठेवलेली बंदूकही कुठेतरी आपटलेली असू शकते. आणि सुट्टीत भारतात जाताना भावाला किंवा मित्राला दाखवायला म्हणून साइट सामानात टाकू नका. बंदुकीच्या साइट्स आणि दुर्बिणी देशाबाहेर नेण्यावर अमेरिकेचे निर्यात-नियम लागू आहेत, आणि खिशात मावणाऱ्या रेड डॉटलाही ते लागतात.